नफा विचारण्याआधी

(संग्रामपूर येथे एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



विषय कळवला तेव्हा आयोजकांचा फोन आला. ‘मॅडम, कंपनीच्या बोर्डावर बाया असल्या तर कंपनीचं भलं होते का, हे मुंबईवाल्यांनी पाहावं. आपल्या तालुक्यात कंपनी हायेच कोठी?’ प्रश्न रास्त आहे. शेअर बाजारात नोंदलेली कंपनी सातपुड्याच्या या पायथ्याला शोधून सापडायची नाही. तरीही विषय बदलावा असे मला वाटले नाही. शेतकरी उत्पादक कंपनी ही कायद्याने कंपनीच असते. दहा शेतकरी एकत्र आले की ती काढता येते, तिला पाच ते पंधरा संचालक लागतात आणि तिचा हिशेब कंपनी निबंधकाकडे जातो. सेवा सोसायटी, पतसंस्था, बाजार समिती यांना आपण कंपनी म्हणत नाही, पण पैसा कोणाला द्यायचा आणि कोणाला नाही हे तिथेही संचालकच ठरवतात. शिवाय तुमच्या एलआयसीच्या हप्त्यातला आणि मुलाच्या एसआयपीतला पैसा शेवटी मुंबईच्या कंपन्यांच्या शेअरमध्ये जाऊन बसतो. तेव्हा त्या बोर्डावर कोण बसते, हे विचारायचा थोडा हक्क संग्रामपूरलाही आहे.

माझी नोकरी सहकारी संस्थांचे लेखापरीक्षण करण्यात गेली. त्यामुळे माझी सवय प्रोसिडिंग बुकातून जग पाहण्याची. इतिवृत्तात प्रत्येक ठरावाखाली दोन नावे असतात, सूचक आणि अनुमोदक. महिला संचालकांची नावे मला बहुधा अनुमोदकाच्या जागी दिसत. कर्जमंजुरी, वसुली, इमारतीचे टेंडर असे ठराव आले की सूचक दुसराच कुणी असे. शोकप्रस्ताव आणि अभिनंदनाचा ठराव तेवढा बाईंच्या नावे. आजचा विषय माझ्या डोक्यात तिथून सुरू झाला, हे आधीच सांगून टाकते.

आता कायदा. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १४९ ने आणि त्याखालच्या नियमांनी सांगितले की शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीत, तसेच ज्या सार्वजनिक कंपनीचे भरणा भागभांडवल १०० कोटी किंवा उलाढाल ३०० कोटींच्या वर आहे तिथे, किमान एक महिला संचालक हवी. सेबीने नोंदणीकृत कंपन्यांना आधी ऑक्टोबर २०१४ ची मुदत दिली, मग ती वाढवून मार्च २०१५ अखेर केली. मुदत टळली की सुरुवातीचा दंड ५० हजार रुपये. एवढ्या रकमेत मुंबईत बोर्डाच्या एका बैठकीचे जेवणही होत नसेल. तरी शेवटच्या महिन्यांत धावपळ उडाली आणि अनेक ठिकाणी शोध घरातच संपला. रिलायन्सच्या मंडळावर २०१४ मध्ये नीता अंबानी आल्या, रेमंडमध्ये त्याच वर्षी नवाज सिंघानिया. या बायका कर्तबगार नव्हत्या असे मी म्हणत नाही. माझा मुद्दा नियुक्तीच्या वाटेविषयी आहे. आपल्याकडे सरपंचपती हा शब्द रूढ झाला तेव्हा शहरातल्या वर्तमानपत्रांना फार हसू आले होते. मुंबईच्या कफ परेडमध्ये तीच गोष्ट घडली तेव्हा तिला कुणी नाव ठेवले नाही.

मग सेबीने नेमलेली उदय कोटक समिती बसली. २०१७ च्या तिच्या अहवालानंतर सेबीने नियम घट्ट केला: एप्रिल २०१९ पासून बाजारमूल्याने पहिल्या ५०० आणि एप्रिल २०२० पासून पहिल्या १,००० कंपन्यांत किमान एक महिला संचालक ‘स्वतंत्र’ हवी, म्हणजे मालकाच्या घरची चालणार नाही. कायद्याआधी मोठ्या कंपन्यांच्या मंडळांवर बायकांचे प्रमाण जेमतेम पाच-सहा टक्के होते, ते आज पाचात एक असे म्हणण्याइतके आले आहे. कायदा नसता तर ते आले असते का? माझे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे.

पण आपली शेतकरी उत्पादक कंपनी या कलमातून सुटली आहे. कायदा तिला खासगी कंपनीसारखी धरतो. निंदणी, वेचणी, निवडण ज्यांच्या हातून होते त्यांच्यापैकी एकही जण मंडळावर नसली तरी कलम १४९ काही म्हणत नाही.

आता खऱ्या प्रश्नाकडे येऊ. बायका आल्या की नफा वाढतो का?

मोठमोठ्या सल्लागार कंपन्या छातीठोकपणे ‘हो’ म्हणतात. मॅकिन्झीचा २०१५ चा अहवाल सगळ्यांत गाजला. कंपन्यांच्या वरच्या फळीत बायका जास्त असलेल्या पहिल्या चौथाईतल्या कंपन्या सरासरीहून जास्त नफा कमावण्याची शक्यता १५ टक्क्यांनी अधिक, असे त्यात होते. पुढच्या अहवालांत हा आकडा २१ झाला, २५ झाला, २०२३ मध्ये ३९ वर गेला. भाषणाला असे आकडे फार बरे. पण २०२४ मध्ये ग्रीन आणि हँड या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या ५०० मोठ्या कंपन्यांवर मॅकिन्झीचीच पद्धत, बायकांऐवजी वरच्या फळीतल्या वांशिक विविधतेसाठी, लावून पाहिली आणि त्यांना नफ्याशी संबंध सापडलाच नाही. त्याच्याही आधी, २०१५ मध्ये, पोस्ट आणि बायरन यांनी जगभरचे १४० अभ्यास एकत्र तोलले होते. हिशेबी नफ्याशी संबंध किंचित चांगला, बाजारातल्या भावाशी जवळजवळ शून्य, असा तो निकाल होता.

लेखापरीक्षकाला यात आश्चर्य वाटत नाही. पैसेवाल्या, मोठ्या, नावाला जपणाऱ्या कंपन्या बायकांना आधी घेतात. बाई आल्यामुळे नफा झाला की नफा होता म्हणून बाई घेतली, हे ताळेबंदावरून सांगता येत नाही. खामगावच्या ज्या दुकानात एसी आहे तिथे विक्री जास्त होते, म्हणून एसीमुळे विक्री होते असे कुणी म्हणेल का?

ही गाठ सोडवायची तर एक असा देश हवा होता जिथे चांगल्या-वाईट सगळ्याच कंपन्यांना एकदम हे करावे लागले. नॉर्वेने तो दिला. २००२ च्या फेब्रुवारीत तिथले व्यापारमंत्री अन्सगार गॅब्रिएल्सन यांनी मंत्रिमंडळालाही न विचारता एका वर्तमानपत्राला सांगून टाकले की बोर्डावर ४० टक्के बायका आणणार. हे गृहस्थ उजव्या पक्षाचे होते, हे विशेष. २००३ मध्ये कायदा झाला, कंपन्यांनी तो स्वखुशीने पाळला नाही, मग सक्ती आली: २००८ पर्यंत ४० टक्के, नाहीतर कंपनी विसर्जित. इतका दणका बसल्यावर सगळ्यांनी पाळला.

त्यानंतर अभ्यासकांचा सुकाळ झाला. अहर्न आणि डिटमार यांनी २०१२ मध्ये दाखवले की ज्या कंपन्यांना जास्त बायका घ्याव्या लागल्या त्यांचे बाजारमूल्य घसरले, कारण नवे संचालक वयाने लहान आणि अनुभवाने कमी होते. एक्बो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेच आकडे पुन्हा तपासले आणि घसरण सिद्ध होत नाही असे म्हटले. मला यातला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो मात्सा आणि मिलर यांचा २०१३ चा निबंध. नॉर्वेतल्या या कंपन्यांचा नफा काही काळ कमी झाला, हे त्यांना दिसले. का कमी झाला, हे त्यांनी खणून काढले. या कंपन्यांनी इतरांपेक्षा कमी माणसे कामावरून काढली. मजुरीचा खर्च वाढला आणि तेवढा नफा घटला.

इथे जरा थांबू या. माणसे न काढल्यामुळे नफा कमी झाला, हे कंपनीचे अपयश की कारभार? शेअरधारकाच्या बाजूने पाहिले तर तोटा. जिनिंग बंद झाल्यावर घरी बसलेल्या कामगाराच्या बाजूने पाहिले तर काय म्हणाल? ‘कामगिरी’ कशाला म्हणायचे हे आधीच कुणीतरी ठरवलेले असते आणि ते ठरवताना टेबलाभोवती कोण बसले होते त्यावर पुष्कळ अवलंबून असते. नफ्याच्या टक्केवारीत बाईचे माप काढायला निघालेल्यांच्या हातून नेमके हेच निसटते.

मग बोर्डावर बाई आल्याने काहीच बदलत नाही का? बदलते. अ‍ॅडम्स आणि फरेरा यांनी २००९ मध्ये अमेरिकी कंपन्यांचे हजेरीपट तपासले, हे वाचून मला आपल्या खात्याची माणसे भेटल्याचा आनंद झाला. महिला संचालक बैठकांना जास्त नियमित येतात, हे त्यांना दिसले. पुढची गोष्ट अधिक गमतीची: ज्या मंडळात बायका जास्त, तिथल्या पुरुषांचीही दांडी कमी होते. लेखापरीक्षण समितीसारख्या देखरेखीच्या समित्यांवर बायका अधिक बसतात आणि शेअर पडला की मुख्य अधिकाऱ्याची खुर्ची तिथे लवकर हलते. आणि नफा? सरासरीने थोडा कमीच. जिथे देखरेख आधीच चांगली आहे तिथे आणखी देखरेख कामात अडथळा आणते, जिथे ती ढिली आहे तिथे उपयोगी पडते, असा त्यांचा अर्थ. आपल्याकडच्या संस्थांत देखरेख फार झाल्याची तक्रार माझ्या कानावर कधी आली नाही.

आता आपल्या जिल्ह्यातल्या एका बाईंचे नाव घ्यायलाच हवे. ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत कामाला. ताराबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिले. त्यांची रीत साधी होती: बायकांवर जो जो दोष ठेवतात तो घ्यायचा आणि पुरुषांना लावून पाहायचा. ही रीत आज बोर्डाला लावून पाहा. महिला संचालकाने नफा वाढतो का, यावर शेकडो निबंध आहेत. पुरुष संचालकाने नफा वाढतो का, यावर एक तरी? मे २०११ मध्ये महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेचे संचालक मंडळ बरखास्त झाले. २०१२ मध्ये आपल्या बुलढाणा जिल्हा मध्यवर्ती बँकेला रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला, नागपूर आणि वर्ध्याबरोबर. ठेवीदारांनी त्यानंतर काय सोसले ते इथे बसलेल्यांपैकी अनेकांना ठाऊक आहे. त्या मंडळांवर बहुसंख्य कोण होते, हे सांगायला मी पाहिजे असे नाही. तेव्हा कुठल्या अग्रलेखात आले का, की पुरुषांचे प्रमाण कमी केल्यास बँकांची थकबाकी घटेल? आले नाही आणि यायलाही नको होते, कारण बँका बुडतात त्या उसनवारीच्या राजकारणाने. पण मग बाईच्याच खुर्चीखाली नफ्याचा ताजवा का ठेवायचा?

ताराबाईंची रीत दुसऱ्या बाजूनेही लावली पाहिजे, नाहीतर ती अर्धी राहते. बाई आली की सचोटी आली, असे मुळीच नाही. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या प्रमुखपदी चित्रा रामकृष्ण होत्या. बाजाराची गोपनीय माहिती त्या एका अज्ञात व्यक्तीला ईमेलने पाठवत होत्या, असे सेबीने २०२२ च्या आदेशात नोंदवले. बायका जात्याच प्रामाणिक, जात्याच काटकसरी, हे कौतुक मला नको. त्या कौतुकाची किंमत पुढे पहिल्या चुकीला दुप्पट मोजावी लागते.

महाराष्ट्रातले एक उदाहरण मला सविस्तर सांगायचे आहे, पुण्याच्या थरमॅक्सचे. बॉयलर आणि उष्णतेची यंत्रे करणारी ही कंपनी. संस्थापक ए. एस. भाथेना, त्यांच्यानंतर कारभार जावई रोहिंटन आगा यांच्याकडे. १९९५ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली. १९९६ च्या फेब्रुवारीत रोहिंटन गेले आणि काही दिवसांतच मंडळाने त्यांच्या पत्नी अनु आगा यांना कार्यकारी अध्यक्ष केले. त्या कंपनीत मनुष्यबळ विभाग पाहत होत्या. शिक्षण समाजकार्याचे, टाटा समाजविज्ञान संस्थेतले. ताळेबंद वाचणे आपल्याला जमत नव्हते, असे त्यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितले आहे. वर्ष-सव्वा वर्षात तरुण मुलगा कुरुष अपघातात गेला. पाठोपाठ देशात मंदी. ४०० रुपयांचा शेअर ३६ वर आला.

इथपर्यंतची गोष्ट ‘बघा, बायकोला खुर्चीवर बसवले की काय होते’ म्हणणाऱ्यांच्या सोयीची आहे. अहर्न-डिटमार पद्धतीने मोजले असते तर थरमॅक्स वजा बाजूला गेली असती. पण मग एका भागधारकाचे निनावी पत्र आले. तुम्हाला पैशाची चिंता नसेल, आमचे पैसे मात्र बुडाले, अशा अर्थाचे. अनुबाई म्हणतात की त्या पत्राने झोप उडाली. निनावी पत्रे सहकारातही येतात. त्यांचे पुढे काय होते ते मी पुष्कळ पाहिले आहे: फाइलला लागतात.

त्यांनी बाहेरची सल्लागार संस्था आणली, कंपनीतल्या जुन्या मंडळींचा विरोध असताना. २०००-०१ मध्ये कंपनीला तोटा झाला. मुख्य कामाशी नाते नसलेले धंदे बंद केले गेले. आणि सर्वांत मोठी गोष्ट, संचालक मंडळच मोडून नव्याने बांधले. मंडळावर बसलेले कंपनीचेच अधिकारी होते. स्वतःच्या कामाचा हिशेब स्वतःच मागायचा आणि स्वतःच द्यायचा, अशी ती रचना. ते उठले आणि बाहेरचे स्वतंत्र संचालक आले. काही वर्षांत कंपनी सावरली. २००४ मध्ये अनुबाईंनी वयाच्या बासष्टाव्या वर्षी पद सोडले आणि मुलगी मेहेर पदमजी अध्यक्ष झाली.

यातून काय घ्यायचे? एका गोष्टीवरून सिद्धांत निघत नाही. बाई होती म्हणून कंपनी वाचली असे मी म्हणणार नाही. मला त्यातली क्रमवारी महत्त्वाची वाटते. खुर्ची मिळाली १९९६ मध्ये आणि तेव्हा काही झाले नाही. झाले तेव्हा, जेव्हा बैठकीत नकोसा प्रश्न विचारता येईल असे मंडळ घडवायची ताकद त्या खुर्चीत आली. ती ताकद त्यांना घराण्याच्या शेअरमुळे मिळाली, हेही खरे. मालकीचा आधार नसलेल्या एकट्या बाईला तसे करता आले असते का? २००८ च्या एका अभ्यासात कॉनराड, क्रेमर आणि अर्कुट यांनी महिला संचालकांच्या मुलाखती घेतल्या. एकटी असते तेव्हा ती ‘बाईंचे मत’ असते, दोघी असल्या की गट केला म्हणतात, तिघी झाल्या की ती संचालक होते, असा त्याचा मथितार्थ.

मालकीचा विषय निघालाच आहे तर लिज्जत पापड. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेले काम आज शेकडो कोटींचे आहे. तिथे पापड लाटणारी प्रत्येक बहीण संस्थेची भागीदार. कारभार २१ जणींची समिती पाहते. पुरुष पगारावर ठेवतात, सभासद करून घेत नाहीत. पुरुष संचालक नसल्याने लिज्जतची कामगिरी खालावते का, असा अभ्यास कुणी हाती घेतल्याचे माझ्या वाचनात नाही. म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेची गोष्टही त्याच कुळातली. १९९७ मध्ये ती सुरू झाली, पण पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने फेटाळला होता, कारण प्रवर्तक बायका अंगठेबहाद्दर. बँकेच्या संस्थापक चेतना सिन्हा सांगतात की बायकांनी साक्षरतेचे वर्ग लावले आणि पुन्हा अधिकाऱ्यांसमोर जाऊन म्हणाल्या, आम्हाला व्याज तोंडी विचारा आणि तुमच्या माणसांना यंत्रावर करू द्या, बघू कुणाचे आधी होते.

आता आपल्या गावात येऊ. आपल्या सहकार कायद्यात कलम ७३-क आहे. व्यक्ती सभासद असलेल्या प्रत्येक संस्थेच्या समितीत दोन जागा बायकांना राखीव. बाजार समितीत अठरा संचालकांमध्ये दोन. सेवा सोसायटीत तेरा असतील तर तेरात दोन. त्याच गावच्या ग्रामपंचायतीत २०११ पासून निम्म्या जागा बायकांच्या. गाव एक, माणसे तीच, वेशीच्या आत शंभर पावलांवर दोन इमारती. एकीत निम्म्या बायका आणि दुसरीत दोन, त्याही पुष्कळदा पॅनेल ‘अविरोध’ करताना शेवटी कुणाची तरी पत्नी म्हणून लिहिलेल्या.

फरक आरक्षणाच्या टक्क्यात आहे तसा मतदार यादीतही आहे, आणि मला दुसरा मोठा वाटतो. ग्रामपंचायतीचे मत वयाने मिळते. अठरा पुरी झाली की बाई यादीत. सोसायटीचे मत सभासदत्वाने मिळते, सभासदत्व खात्याने आणि खाते सात-बाराने. सात-बारावर नाव नाही म्हणून पीककर्ज नाही, कर्ज नाही म्हणून सभासद नाही, सभासद नाही म्हणून संचालक नाही. देशात शेतीची जी खाती बायका कसतात म्हणून नोंदली आहेत त्यांचे प्रमाण २०१५-१६ च्या कृषिगणनेत सुमारे १४ टक्के होते. यातही किती नावे दुसऱ्या कर्जासाठी किंवा जमीन कमाल मर्यादेच्या भीतीने चढवलेली, हे तलाठ्याला विचारा.

कायदा नव्हता असे नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांबरोबर हक्क दिला, देशाने तो २००५ मध्ये दिला. कायदा आला आणि त्याच्या मागोमाग हक्कसोडपत्र आले. भाऊबीजेला साडी आणि तहसीलमध्ये हक्कसोड, अशी आपली रीत. जानेवारीच्या बारा तारखेला आपण सिंदखेडराजाला जातो आणि जिजाऊंचा जिल्हा म्हणून छाती फुगवतो. परतताना वाटेतल्या एखाद्या गावचा सात-बारा उघडून पाहायला हरकत नाही.

हा धागा शेतकरी संघटनेला चाळीस वर्षांपूर्वी सापडला होता, हे आजच्या महिला सक्षमीकरणाच्या भाषणांतून सहसा गाळले जाते. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी बायकांचे अधिवेशन भरले, लाखावर बायका आल्या. त्यानंतर निर्णय झाला की निवडणुकीत संपूर्ण बायकांचे पॅनेल उभे करायचे. देशभर पंचायतींत बायकांना आरक्षण देणाऱ्या ७३ व्या घटनादुरुस्तीच्या आधीच आपल्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात विटनेरला आणि यवतमाळमध्ये मेटीखेड्याला ग्रामपंचायती बायकांच्या हाती गेल्या. मग संघटनेचे नेते शरद जोशी यांनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला: नवऱ्याने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा. १९९२ मध्ये सरकारने निर्णय काढून नवऱ्याच्या अर्जावर पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याची सोय केली. शरद जोशींच्या बाजारविषयक सगळ्या मतांशी मी सहमत नाही. पण सत्तेची खुर्ची आणि जमिनीचा कागद ही एकच लढाई आहे, हे त्यांच्याइतक्या सरळ कुणी मांडले नाही. तो निर्णय रद्द झालेला नाही, पडून आहे. अर्ज मागणारे कमी झाले.

कुणी म्हणेल, नाव लागले, सभासद झाली, निवडून आली, तरी ती अनुमोदकच राहिली तर? ही शंका मला पोसावीशी वाटत नाही, कारण पंचायतीने तिचे उत्तर दिले आहे. चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी बंगालच्या बीरभूममध्ये आणि राजस्थानच्या उदयपूरमध्ये ग्रामपंचायती तपासल्या. आरक्षित जागा चिठ्ठीसारख्या फिरतीने ठरत होत्या, त्यामुळे नफा आधी की बाई आधी हा घोळ तिथे नव्हता. २००४ मध्ये त्यांचा निबंध आला. बाई प्रमुख असलेल्या पंचायतींनी दोन्ही जिल्ह्यांत पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च केला. रस्त्यांचे मात्र वेगळे: बंगालमध्ये बायकांना रस्ते हवे होते तिथे वाढले, राजस्थानात नको होते तिथे घटले. म्हणजे त्या नवऱ्याच्या सांगण्याने सही करत असत्या तर हा फरक दिसलाच नसता. सरपंचपतींची टिंगल करणाऱ्यांनी हा निबंध वाचावा.

संग्रामपुरात हे ऐकताना पाणी हा शब्द हलका राहत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आपल्या तालुक्यातून जातो. खारे पाणी पिऊन मूत्रपिंडे गेलेली माणसे इथे गावोगाव आहेत. वान धरणावरची १४० गावांची योजना हा याच तालुक्याचा आणि जळगाव जामोदचा विषय. पाणी कुणी आणायचे आणि आजाऱ्याला डायलिसिसला कुणी न्यायचे, हे घरात ठरलेले आहे. सोसायटी किंवा पतसंस्था म्हणेल की पाणी हा आमचा विषय नाही. आजारपणामुळे थकलेले कर्ज हा तर विषय आहे? वसुलीच्या यादीत ‘हेतुपुरस्सर थकबाकीदार’ कुणाला लिहायचे, त्यावर कोण बोलते? पाणी शुद्ध करायच्या यंत्राला, शिलाई मशीनला, शेळीला कर्ज मंजूर करायचे की ट्रॅक्टरलाच, हे कोण सुचवते? मात्सा-मिलर यांच्या नॉर्वेत जे माणसे काढण्याच्या बाबतीत दिसले, ते इथे वसुलीच्या बाबतीत दिसेल असा माझा अंदाज आहे. कदाचित पहिली दोन-तीन वर्षे नफा थोडा कमीही दिसेल. संस्थेच्या वार्षिक सभेत तो कमी नफा समजावून सांगायची तयारी ठेवली पाहिजे.

तेव्हा माझे मागणे नफ्याच्या भाषेत नाही. संस्था सभासदांची असते आणि सभासदांत राबणाऱ्या बायका असायला हव्यात, एवढ्या आधारावर जागा मागावी. नफ्याचे आश्वासन देऊन मिळवलेली जागा पहिल्या मंदीत परत मागितली जाते.

कामाचे थोडे सांगून थांबते. तुमच्या शेतकरी उत्पादक कंपनीला कायदा महिला संचालक मागत नाही, पण नियमावलीत ती तरतूद घालायला कायदा अडवतही नाही. वार्षिक सभेत विशेष ठराव लागतो. घालायची तर एक जागा घालू नका, निदान तीन घाला. बैठकीची विषयपत्रिका आणि कागद सात दिवस आधी संचालकांच्या हातात पडले पाहिजेत, नवऱ्याच्या हातात नव्हे. ठरावाचा सूचक कोण, याचा वर्षअखेर हिशेब काढा. सहकारी संस्थेचे प्रोसिडिंग बुक सभासदाला पाहायला मागता येते, हे फार थोड्यांना माहीत असते.

आणि सोसायटीचे म्हणाल, तर सहकार कायद्याप्रमाणे नव्या सभासदाला पहिली दोन वर्षे मत नसते. समितीची मुदत पाच वर्षांची. निवडणुकीच्या तोंडावर नावे घालून काही हाती लागत नाही, पॅनेलवाल्यांना हे तुमच्यापेक्षा आधीपासून ठाऊक आहे. लक्ष्मीमुक्तीचा अर्ज तलाठ्याकडे, फेरफार मंजूर झाला की सभासदत्वाचा अर्ज गटसचिवाकडे. तो घ्यायला टाळाटाळ झाली तर पोच मागा. तीही मिळाली नाही तर रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि एक प्रत तालुक्याच्या सहायक निबंधकांना. प्रश्न असतील तर विचारा, मी आहे इथे नऊपर्यंत. शेवटच्या बसने आलेल्या बायकांनी आधी विचारावे.